टॉवेलच्या बिलातलं संघराज्य

"सगळा जीएसटी दिल्लीला जातो." परवा सोलापुरात चाटी गल्लीत टॉवेल घेताना हे वाक्य पुन्हा कानावर आलं, आणि त्याचं उत्तर माझ्या हातातल्या बिलावरच छापलेलं होतं. एक ओळ सीजीएसटीची, एक एसजीएसटीची, दोन्ही रकमा सारख्या. पहिली केंद्राची, दुसरी महाराष्ट्राची. तोच टॉवेल विजापूरच्या गिऱ्हाइकाला पाठवला, तर दोन ओळींऐवजी आयजीएसटीची एकच ओळ येते. तो कर केंद्र गोळा करतं, पण त्यातला राज्याचा वाटा कर्नाटकाला मिळतो. माल जिथे वापरला जाईल, कर तिथला.

केंद्र सूची, राज्य सूची, समवर्ती सूची हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्यातली खरी गोष्ट मात्र निसटते: राज्यांना अधिकार केंद्राने दिलेले नाहीत. दोघांनाही ते राज्यघटनेनेच वाटून दिले आहेत. म्हणून ही वाटणी संसदेला एकटीला बदलता येत नाही. जीएसटीसाठी २०१६ मध्ये १०१वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा कलम ३६८ प्रमाणे किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागली. पहिली संमती आसामची होती.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, कलम २७९-अ. कराचे दर सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आहे आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला हजर राहून मत देणाऱ्यांचं तीन चतुर्थांश वजन लागतं. गणित करून पाहा. केंद्र विरोधात गेलं तर उरतात ६६.६७ टक्के, हवेत ७५. म्हणजे सगळी राज्यं एकवटली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. पण केंद्राकडे आहेत ३३.३३ टक्के, त्याला आणखी ४१.६७ टक्के राज्यांकडूनच मिळवावे लागतात. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून राज्यांच्या बाजूला ३१ मतं आहेत. सगळ्यांनी मत दिलं तर एका मताचं वजन साधारण २.१५ टक्के. १९ राज्यं सोबत आली तर बेरीज ७४.१९ होते, ठराव पडतो. २० आली तर ७६.३४, ठराव मंजूर. थोडक्यात, १२ राज्यं एकत्र आली की केंद्राला रोखू शकतात, आणि त्या बारांत सिक्कीमचं मत महाराष्ट्राच्या मताइतकंच जड असतं. लोकसंख्या इथे मोजतच नाहीत! कोणालाही एकट्याने जिंकता येऊ नये असे हे आकडे बेतले आहेत, आणि मला ते फार देखणे वाटतात.

'एक देश, एक कर' ही घोषणा मात्र जशीच्या तशी गिळू नये. पेट्रोल, डिझेल आजही जीएसटीबाहेर आहेत, पिण्याची दारूही. त्यांवर राज्यं आपापला कर लावतात, म्हणून सीमा ओलांडली की पंपावरचा भाव बदलतो.

परिषदेत बहुतेक निर्णय एकमताने होतात. मतदानाची वेळ पहिल्यांदा आली १८ डिसेंबर २०१९ रोजी, लॉटरीवरच्या कराच्या प्रश्नावर. सगळ्या लॉटऱ्यांना २८ टक्के हा एकच दर लावण्याच्या बाजूने २१ राज्यं, विरोधात ७. मत देणाऱ्या २८ पैकी २१ म्हणजे राज्यांच्या ६६.६७ टक्के वजनातले ५०. त्यात केंद्राचे ३३.३३ मिळवा.