कवडीतली रुई

हंगाम सरत आला की विदर्भात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, विचित्र बोंडं राहतात. बोंडाचा एक कप्पा, म्हणजे पाकळी, पांढरीशुभ्र फुललेली, तर शेजारची पिवळट, टणक, मूठ आवळल्यासारखी. हीच कवडी. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने थैमान घातलं तेव्हा वेचणाऱ्यांच्या ओटीत ती भरभरून आली.

पाकळी फुलत का नाही? कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीतून वाढलेली एकच लांब पेशी. बंद बोंडात ती पाण्याने भरलेली नळी असते आणि तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढत असतात. बोंड उकललं की पाणी उडून जातं, नळी चपटी होऊन पिळली जाते, तंतू एकमेकांपासून सुटतात. बोंडअळी खाते ती सरकी. पोसणारं बीच गेलं की थर चढणं थांबतं. वर अळीची विष्ठा, ओलावा, बुरशी. अर्धकच्चे तंतू एकमेकांना चिकटून बसतात. पण एका पाकळीत सात-आठ सरक्या असतात आणि अळी दरवेळी सगळ्या खातेच असं नाही. उरलेल्या सरकीवरची रुई पिकलेली असते, फक्त अडकून पडलेली. मला कवडी टाकाऊ वाटत नाही ती यासाठीच.

सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या रेच्याला मात्र ती झेपत नाही. तिथे चामड्याचा रूळ तंतू धरून ओढतो आणि पातं सरकी अडवतं. कवडीत धरायला सुटे तंतूच नसतात. म्हणून आधी तिला काटेरी सिलिंडरवर झोडून फोडतात. माती-पाला जाळीतून खाली पडतो. पुढच्या सिलिंडरला करवतीसारखे दाते असतात. मोकळे झालेले तंतू त्यांत अडकून राहतात, तर काड्या, टरफलं आणि न फुटलेली कवडी जड असल्याने बाहेर भिरकावली जाते. हा बाहेर पडलेला माल पुन्हा एकदा फिरवला की त्यातूनही थोडा कापूस सुटतो.

पण किती वेळा फिरवायचं? अळीने पोखरलेली सरकी ठिसूळ असते. जास्त झोडलं की तिच्या सालीचे तुकडे रुईत मिसळतात आणि ते सुतापर्यंत जातात. कापूस फार कोरडा असेल तर तंतू तुटतात. दमट असेल तर पाकळी फुटत नाही.

अशी रुई आखूड, पिवळसर निघते. ती जाड सुताला, सतरंजीला, पोछ्याला चालते. 1960 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात विकसित झालेल्या रोटर कताईत, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पेल्यात सूत कातण्याच्या पद्धतीत, आखूड तंतूही खपतात. हीच रुई 170 किलोच्या चांगल्या गाठीत मिसळली, तर कच्च्या तंतूंच्या गुठळ्या रंग घेत नाहीत आणि गडद कापडावर पांढरे ठिपके उमटतात.

म्हणून कवडी वेगळी काढायची खरी जागा शेतातच आहे. मात्र वेचणीची मजुरी किलोवर मिळते. चांगला कापूस एका ओटीत, कवडी दुसरीत असं करायला बाईचा जो वेळ जातो, त्याचे पैसे तिला वेगळे द्यायला हवेत.