९६ आणि ८२: एकाच सायलेन्सरचे दोन आकडे

कॅलिफोर्नियात डोंगरात बाइक घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ९६ हा आकडा पाठ असतो. ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, त्याहून जास्त डेसिबलची गाडी चालत नाही. दुकानात बाहेरच्या कंपनीचा सायलेन्सर बघायला गेलं, की त्याच्या अंगावर ८२ कोरलेलं दिसतं. माझ्या एका मित्रानं हिशोब केला, की ब्याऐंशी म्हणजे शहाण्णवपेक्षा चौदानं कमी. त्यानं तसा एक सेकंडहँड सायलेन्सर घेतला आणि बसवला. पार्कच्या दारात आवाजाच्या मीटरवर ९८ आले. गाडी तशीच पिकअपमध्ये चढवून तो घरी परतला.

सायलेन्सरवरचा आकडा खोटा नव्हता. ९६ आणि ८२ ही दोन वेगळ्या मोजमापांची उत्तरं आहेत. ती एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

९६ हा उभ्या गाडीचा आकडा. एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या जे१२८७ या पद्धतीनं तो मोजतात. गाडी गरम, न्यूट्रलमध्ये, चालक वर बसलेला. मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवर, तोंडाच्याच उंचीला आणि ४५ अंशांच्या कोनात. धुराच्या झोतात माइक आला तर मोजमाप वाया जातं, म्हणून हा कोन. इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे त्याच्या कमाल सुरक्षित वेगाच्या, निम्म्या आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) स्थिर धरायचं. रेडलाइन माहीत नसेल तर ३,०६,००० ला स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या एका फेरीच्या लांबीच्या, मिलिमीटरनं भागायचं: ६० मिमी स्ट्रोक असेल तर ५,१०० आरपीएम. या सूत्रामागचा विचार मला फार आवडतो. ५,१०० ला ६० मिमी स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.२ मीटर भरतो, आणि सूत्र वापरलं की कुठल्याही इंजिनाला तोच वेग येतो. छोटं-मोठं इंजिन सारख्याच कष्टावर मोजलं जातं. कॅलिफोर्नियाचा हा नियम २००३ पासून लागू आहे. स्पर्धेसाठी न बनवलेली गाडी १९८६ किंवा त्यानंतरची असेल तर ९६, त्याआधीची असेल तर १०१.

८२ हा धावत्या गाडीचा आकडा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, नियमात तो आहे: १७० सीसीवरच्या ऑफ-रोड गाडीला ८२, त्याखालच्या गाडीला ८०. इथे माइक गाडीच्या वाटेपासून ५० फुटांवर, म्हणजे १५ मीटरवर असतो आणि गाडी पूर्ण थ्रॉटल उघडून समोरून जाते. त्यामुळे सायलेन्सरबरोबर हवा ओढणाऱ्या एअरबॉक्सचा, चेनचा, इंजिनाच्या खडखडाटाचा आवाजही मोजला जातो. ही चाचणी घ्यायला मोकळं सपाट मैदान आणि आखलेली पट्टी लागते. ट्रेलच्या दारात ती होऊच शकत नाही, म्हणून रेंजर, म्हणजे पार्कचा रखवालदार, उभ्या गाडीलाच मीटर लावतो.

आता अंतराचं गणित. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. अर्ध्या मीटरपासून १५ मीटरपर्यंत अंतर ३० पट होतं, म्हणजे उतार जवळजवळ ३० डेसिबलचा. दारात ९६ दाखवणारी गाडी तशीच उभी राहिली, तर १५ मीटरवर साधारण ६६ डेसिबल पोचतील. धावत्या चाचणीत त्याच अंतरावर ८२ ची मुभा आहे. मधला १६ डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे ४० पट. लहान दिसणारा ८२ हा मुळात मोठ्या आवाजाचा आकडा आहे! म्हणून डेसिबलचा आकडा कुणी सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘किती अंतरावरून?’

आपल्याकडची गल्लत तर आणखी फसवी आहे. भारतात २००५ मध्ये लागू झालेल्या मर्यादेत १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबल आहेत. अमेरिकेच्या ८०-८२ च्या अगदी शेजारचा आकडा. पण भारतीय चाचणीत माइक ७.५ मीटरवर असतो, अमेरिकेच्या निम्म्या अंतरावर. दोन्ही चाचण्यांत गिअर आणि वेगाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे नेमकं रूपांतर होत नाही. तरी नुसत्या अंतराचा विचार केला, तर भारतातले ८० हे अमेरिकेतल्या ७४ च्या आसपास जातात. अमेरिकेतून ‘८२ डेसिबल, कायदेशीर’ असा सायलेन्सर मागवून पुण्यात बसवणाऱ्यानं हे आधी पाहावं. तिथला शिक्का इथे कामाचा नाही.

मग मित्राच्या सायलेन्सरचं काय झालं होतं? शिक्का सांगतो तो नव्या सायलेन्सरचा आणि ठरावीक मॉडेलवर बसवल्यानंतरचा आवाज. आतल्या जाळीच्या नळीभोवती ग्लास वूलचं पॅकिंग असतं. आवाज तेच गिळतं, आणि वापरानं जळून, उडून जातं. बाहेरून कवच चकचकीत असतं, आतून डबा रिकामा. स्पार्क अरेस्टर असला म्हणजे आवाजही कमी, हाही एक गैरसमज. त्याचं काम ठिणग्या अडवणं, वणवा लागू न देणं. जंगलात तोही लागतोच, पण त्याचा दाखला वेगळा.

घरी मोजायचं असेल तर उभ्या गाडीचीच पद्धत घ्या. भिंत, दुसरी गाडी, गॅरेजचं दार यांपासून बाइक पाच-सहा मीटर दूर उभी करा. भिंतीवरून परतलेला आवाज दोन-तीन डेसिबल सहज वाढवतो. मीटर ए वेटिंग (माणसाच्या कानासारखं ऐकणारी मांडणी) आणि स्लो (संथ प्रतिसाद) वर ठेवा. आरपीएम टॅकोमीटरवरच बघा. नुसत्या कानानं धरलेले ‘निम्मे’ हमखास चुकतात. मोबाइलच्या ॲपवर पास-नापास ठरवू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनलेला असतो, अर्ध्या मीटरवरच्या सायलेन्सरपुढे तो वरच्या टोकाला दबतो आणि खरा आकडा लपवतो. कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर तपासून जुळवायचं साधन, नसलेल्या स्वस्त मीटरवर दोन डेसिबलची तरी सूट धरा, म्हणजे ९६ साठी ९४ चं लक्ष्य.

आणि ९६ मध्ये बसलात तरी डोंगराखालच्या घरात पोचतो तो चढावर पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलचा आवाज, दारात मोजलेला नव्हे. दहा गाड्या एकत्र गेल्या तर त्यात आणखी १० डेसिबलची भर पडते, म्हणजे कानाला दुप्पट. वस्तीजवळच्या वळणांवर मी एक गिअर वरचा टाकतो आणि थ्रॉटल सोडतो. तेवढ्या दोनशे मीटरसाठी घाई करण्यात काही मिळत नाही.

मित्रानं नंतर रिव्हेट काढून नवं पॅकिंग घट्ट गुंडाळलं. दीड तासाचं काम. सायलेन्सर तोच, शिक्का तोच. पुढच्या शनिवारी दारात मीटरवर ९४ आले.