धोका पातेल्यात नाही, पिंजऱ्यापाशी

प्लेगच्या काळात घरात उंदीर मरून पडायला लागले की बिऱ्हाड उचलायचं आणि गावाबाहेर माळावर झोपडी घालायची, एवढं शहाणपण सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या पिढीला होतं. दुकानात जिवंत विकल्या जाणाऱ्या प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांबाबत मात्र तेवढं सावधपण आपल्यात आजही नाही. याचं कारण मला या विषयाच्या इतिहासात दिसतं.

सुरुवात पोपटांपासून झाली. १९२९ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी आलेले पोपट युरोप-अमेरिकेत नाताळच्या भेटीसाठी विकले गेले आणि घरोघरी न्यूमोनियासारखा ताप सुरू झाला. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत या पक्ष्यांवर काम चालू असताना, त्यांना हातही न लावलेले वरच्या मजल्यावरचे कर्मचारी आजारी पडले. जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरत होता. जानेवारी १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांची आयात बंद केली. वरून ठणठणीत दिसणारा बजरिगर, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपटही, हा जंतू बाळगून असू शकतो. प्रवासाच्या आणि गर्दीच्या ताणाने तो जंतू विष्ठेतून बाहेर पडू लागतो. म्हणूनच पिंजऱ्याखाली कोरडा झाडू मारायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री थांबवली, कारण ती हाताळणाऱ्या मुलांना साल्मोनेला नावाच्या जंतूमुळे जुलाब होत होते.

आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा हाँगकाँगचा. १९९७ मध्ये तिथे एच५एन१ बर्ड फ्लू माणसांत शिरला. १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले. वर्षाअखेरीस शहरातल्या सगळ्या, म्हणजे दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारल्या गेल्या. नंतर रुग्णांची चौकशी झाली, तेव्हा कोंबडी खाण्याशी किंवा शिजवण्याशी आजाराचा संबंध दिसला नाही. आजारी पडण्याच्या आधीच्या आठवड्यात जिवंत कोंबड्यांच्या बाजारात जाण्याशी दिसला.

मग तिथे बाजाराची रीतच बदलली. बदकं आणि हंस कोंबड्यांपासून वेगळे केले. २००१ पासून महिन्यातून एक दिवस सगळे गाळे रिकामे करून धुवायचे ठरले. २००८ मध्ये रात्रभर जिवंत पक्षी ठेवण्यावर बंदी आली. कालच्या उरलेल्या पक्ष्यांतच आजचा नवा माल सोडला की विषाणूला रोज ताजं शरीर मिळतं आणि तो दुकान सोडतच नाही. मोकळ्या दिवसाने ही साखळी तुटते.

भारतात हा फ्लू पहिल्यांदा कोंबड्यांत सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला. लोकांनी चिकन आणि अंडी खाणं सोडलं, दर कोसळले, कुक्कुटपालक भरडले गेले. नीट शिजवलेल्या रश्श्याला लोक घाबरले आणि पिंजऱ्याकडे कुणी बघितलं नाही. तीच भीती आजही तशीच उलटी आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदाही वेगळ्याच वाटेने आला. पेट शॉपचे २०१८ चे नियम १९६० च्या, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्याखाली झाले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, प्राण्यांची नोंदवही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू न विकणं ही बंधनं चांगलीच आहेत आणि त्यांतून रोगालाही थोडा आळा बसतो. पण त्यांचा रोख प्राण्याच्या हालांवर आहे. चिकनचं दुकान त्यांत बसतच नाही, आणि पिंजऱ्यात हात घालणारा माणूसही नाही.

सांगलीतल्या कुठल्याही चिकन सेंटरवर पहाटे टेम्पो लागतो. जाळ्या उतरतात, काट्यावर पक्षी चढतात, कापणारा पोरगा उघड्या हातांनी पक्षी ड्रममध्ये टाकतो आणि त्याच हातांनी चहाचा कप धरतो. मागच्या जाळीत कालचे चार-सहा पक्षी असतातच.

हाँगकाँगला जे हुकूम काढून करावं लागलं, ते आपल्याकडे निम्मं आपोआप होण्यासारखं आहे. आपला खप बुधवार, शुक्रवार आणि रविवारचा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं खात नाहीत; आखाड संपून श्रावण लागला की धंदा आणखी बसतो. रविवारी रात्री माल संपवून सोमवारी जाळ्या रिकाम्या ठेवल्या, तर दुकानदाराचं नुकसान फार होणार नाही. मात्र विष्ठा आधी खरवडून काढायची, साबणाने धुवायचं आणि मगच ब्लीचिंगचं पाणी मारायचं, कारण घाणीवर पडलेलं ब्लीचिंग निकामी होतं. नवा माल जाळ्या वाळल्यावरच भरायचा. आणि कापणाऱ्या पोराला ताप-खोकला आला, तर त्याने डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आधी सांगायचं.