सतत ग्लुकोजमापन : व्यायाम-प्रशिक्षणातील उपयोग

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या सेन्सरने दर एक ते पाच मिनिटांनी ग्लुकोजची पातळी नोंदवायची आणि त्या आलेखावरून व्यायामाआधीचे व व्यायामादरम्यानचे खाणे बेतायचे, अशी ही पद्धत आहे. रोजच्या बोलण्यात तिला सीजीएम (कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटरिंग) म्हणतात. तंत्र मूळचे मधुमेहींसाठीचे. अमेरिकेत अशा पहिल्या उपकरणाला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. २०२० मध्ये ॲबट कंपनीने लिब्रे सेन्स हा खास खेळाडूंसाठीचा सेन्सर युरोपात आणला. मार्च २०२४ मध्ये डेक्सकॉमच्या स्टेलो सेन्सरला अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी मिळाली. सायकलशर्यतींत मात्र यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ पासून ग्लुकोज सेन्सरला मनाई केली आहे. सरावात तो लावता येतो.

मापन : सेन्सरची बारीक लवचीक तार त्वचेखाली सुमारे ५ मिमी. जाते. तिच्यावरील ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमची ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन अतिशय क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्याचा आकडा फोनवर दिसतो. तार रक्तात नसते, पेशींभोवतीच्या द्रवात असते. त्यामुळे दिसणारा आकडा रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटे मागे चालतो. बसल्या जागी हे जाणवत नाही. पण वेगाने धावताना समोर दिसते ती मघाची पातळी. म्हणून व्यायामात सुट्या आकड्यापेक्षा त्याच्याशेजारी दिसणाऱ्या चढ-उताराच्या बाणाची दिशा आणि आलेखाचा उतार पाहावा. चांगल्या सेन्सरचीही सरासरी चूक ८ ते १० टक्के असते. ९२ आणि ९८ मिग्रॅ./डेसिलिटर यांतल्या फरकाला म्हणूनच काही अर्थ नाही.

सेन्सर लावताना : जागा अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी, ओलसर त्वचेवर लावलेला सेन्सर पहिल्याच घामात सुटतो. पट्टा, घट्ट बाही किंवा पिशवीचा बंद घासेल अशी जागा टाळावी. वरून जादा चिकटपट्टी लावणे चांगले. सेन्सर अर्ध्या-एक तासात आकडे देऊ लागतो, तरी पहिल्या दिवसाचे आकडे बेभरवशाचे असतात. महत्त्वाच्या सरावाच्या आदल्या दिवशीच तो लावून ठेवावा आणि पहिल्या २४ तासांवरून निष्कर्ष काढू नये.

आलेखाचे वाचन : नवख्यांची सर्वांत मोठी गफलत येथे होते. जोरकस इंटरव्हल (आलटून पालटून जोराचा व हलका सराव) किंवा वजनांच्या सेटनंतर साखर १५० च्या पुढे गेलेली पाहून माणूस घाबरतो. काही खाल्लेले नसतानाही ती चढते, कारण ॲड्रेनलिनच्या प्रभावाने यकृत स्नायूंच्या वापरापेक्षा जास्त ग्लुकोज रक्तात सोडते. तासाभरात ती खाली येते. ही शरीराची योग्य प्रतिक्रिया आहे. तिच्यावर उपाय म्हणून कर्बोदके कमी करणे चुकीचे.

उलट प्रकार सुरुवातीच्या घसरणीचा. व्यायामाच्या ३० ते ६० मिनिटे आधी गोड खाल्ले की इन्सुलिन चढलेले असते आणि त्याच वेळी काम करणारे स्नायूही ग्लुकोज ओढू लागतात. पहिल्या १५ ते ३० मिनिटांत पातळी ७० च्या खालीही जाऊ शकते. बहुतेकांत ती आपोआप सावरते आणि कामगिरीवर परिणाम होत नाही. ज्यांना हातपाय गळाल्यासारखे वाटते त्यांनी जेवण दोन-तीन तास आधी उरकावे, किंवा गोड पदार्थ सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटे आधी, नाहीतर वॉर्म-अपनंतर घ्यावा.

तिसरा आकार दीर्घ, मंद उताराचा. दोन तासांच्या पुढच्या मेहनतीत रेषा सतत खाली झुकू लागली, तर खाणे कमी पडते आहे. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, आणि अडीच तासांहून लांब पल्ल्यासाठी ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून ९० ग्रॅमपर्यंत, हे प्रमाण बहुतेकांना पुरते. घसरण दिसल्यावर खाण्याऐवजी घड्याळ लावून खावे, कारण आकडा उशिरा येतो आणि पचनालाही वेळ लागतो.

मर्यादा : सेन्सर म्हणजे इंधनाचा काटा नव्हे. प्रौढाच्या सगळ्या रक्तात मिळून ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असते, तर स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात ३०० ते ५०० ग्रॅम. हा मोठा साठा सेन्सरला दिसत नाही. रेषा ९० वर स्थिर असतानाही पाय रिकामे झालेले असू शकतात.

म्हणून त्याचा खरा उपयोग स्वतःचीच स्वतःशी तुलना करण्यात आहे. तोच नाश्ता, तीच वेळ, तोच सराव ठेवून फक्त खाण्याची वेळ बदलावी आणि प्रत्येक प्रकार किमान तीनदा करावा. एका दिवसाचा आलेख काहीच सिद्ध करत नाही. अपुरी झोपही तो बिघडवते. सोबत ग्रॅममध्ये खाणे, सुरुवातीची वेळ, तीव्रता आणि झोप यांची नोंद नसेल तर पंधरा दिवसांनी हाती नुसत्या रेषा उरतात. निरोगी माणसाला एक-दोन सेन्सर चालतील इतका काळ (एक सेन्सर साधारण दहा ते पंधरा दिवस) पुरेसा असतो. वर्षभर लावल्याने शिकण्यासारखे फारसे वाढत नाही, अन्नाची धास्ती मात्र वाढू शकते.

फसवे आकडे : सेन्सरवर कूस टेकून झोपल्यास दाबामुळे रात्री खोटी घसरण दिसते; कूस बदलताच ती नाहीशी होते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, तसेच काही सेन्सरमध्ये पॅरासिटॅमॉल, आकडा खोटाच वर नेतात. उपाशीपोटीचा आकडा अनेक दिवस १०० च्या वर राहिला तर प्रयोगशाळेत रक्त तपासावे. सेन्सरवरून निदान होत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी : येथे नियम वेगळे आणि कडक आहेत. दमसासाच्या व्यायामाची सुरुवात साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान करावी. ९० च्या खाली असल्यास आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, ७० च्या खाली गेल्यास थांबावे. २७० च्या वर असल्यास कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात साठणारी आम्लधर्मी द्रव्ये) तपासावेत, ते १.५ मिलिमोल/लिटर किंवा जास्त असतील तर व्यायाम करू नये. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोटातून रक्त घेऊन खात्री करावी. संध्याकाळच्या व्यायामानंतर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून कमी पातळीचा अलार्म रात्रभर चालू ठेवावा.