बावीसची रेघ

मास स्पेक्ट्रोमीटर हे अणू-रेणूंचं वस्तुमान शोधायचं यंत्र, पण ते आयनाचं, म्हणजे प्रभार असलेल्या अणू-रेणूचं, वजन थेट कधीच करत नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत आयन किती वळेल, हे त्याचा प्रभार, वस्तुमान आणि वेग या तिघांवर ठरतं. वेगाचा भाग वेगळा काढला की हाती उरतं ते फक्त प्रभार आणि वस्तुमानाचं गुणोत्तर. त्यामुळे ४० वस्तुमानाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले, तर यंत्राच्या लेखी तो एकच इलेक्ट्रॉन गमावलेला २० वस्तुमानाचा अणू. या घोळापायी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन बरेच अडले होते.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९१२ च्या सुमारास ते निऑनचे आयन एकमेकांना समांतर अशा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून सोडत होते. एकाच गुणोत्तराचे आयन, वेग काहीही असो, फोटोच्या काचेवर एकाच पॅराबोलावर, म्हणजे एकाच वक्र रेघेवर, पडतात. निऑनचा अणुभार २०.२, पण काचेवर एक ठळक रेघ २० ला आणि एक फिकी २२ ला! पहिला संशय कार्बन डायऑक्साइडवर. त्याचा रेणू ४४ चा. दोन प्रभार असतील तर तो बरोबर २२ ला दिसणार. थॉमसननी वायू द्रवरूप हवेने थंड केलेल्या नळीतून हळूहळू सोडला. कार्बन डायऑक्साइड गोठून मागे राहिला, ४४ ची रेघ मंदावली. २२ ची मात्र होती तशीच. तरी निऑनला हायड्रोजनचे दोन अणू चिकटले असतील, ही शंका उरलीच.

त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये जास्त नेमकं यंत्र बांधलं आणि वाद मिटवला. निऑनच दोन प्रकारचा: दर दहा अणूंत साधारण नऊ २० चे, एक २२ चा. सरासरी काढा, २०.२ च येते. (२१ चेही असतात, पण नगण्य.) ॲस्टनना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रभार ओळखायला आता नळी गोठवावी लागत नाही. निसर्गातला कार्बन बहुतेक १२ वस्तुमानाचा, पण सुमारे एक टक्का १३ चा असतो. रेणूत १३ चे किती अणू आले यावर त्याचं वस्तुमान बदलतं, म्हणून मोठ्या रेणूची एक रेघ न दिसता शेजारी शेजारी अनेक दिसतात. प्रभार एक असेल तर त्यांच्यात १ चं अंतर, दोन असतील तर अर्ध्याचं. स्नायूंमधल्या मायोग्लोबिनचं वस्तुमान सुमारे १७ हजार. ते १७ प्रभार घेऊन आलं तर हजाराच्या आसपास दिसतं आणि रेघांमधलं अंतर १/१७ होतं. अंतर मोजलं की प्रभार कळला. मला ही युक्ती थॉमसनच्या नळीहूनही देखणी वाटते.

छोट्या रेणूंना मात्र ही सोय फारशी नाही. मंगळयानावरचं ‘मेन्का’ हे तिरुवनंतपुरमला घडलेलं उपकरण. त्यात चार दांड्यांमधल्या विद्युत क्षेत्रातून एका वेळी एकाच गुणोत्तराचे आयन पार होतात. मंगळाच्या विरळ वातावरणात त्याला ४४ ला कार्बन डायऑक्साइड सापडला, १६ ला ऑक्सिजनचा सुटा अणू. पण २८ ला अडचण प्रभाराची नाही, जवळजवळ सारख्या वस्तुमानाची: तिथे नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही येतात. त्यांचा फरक फक्त ०.०११ चा, आणि मेन्काला तो दिसत नव्हता. म्हणून तिथे दोघांची बेरीजच नोंदवली गेली.