आजोबा कशाने गेले, आणि कितव्या वर्षी?

‘आमच्या घरात बीपी आहेच,’ हे वाक्य इंदूरच्या रामबागेत, सुदामानगरात कुठल्याही मराठी घरात ऐकू येतं. डॉक्टरांना मात्र त्यापुढचं हवं असतं: कोणाला, कितव्या वर्षी, पुढे काय झालं. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर तुमचा धोका वाढलेला धरतात. ऐंशीव्या वर्षी अटॅकने गेलेले आजोबा त्या हिशेबात फारसे येत नाहीत. म्हणून घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारा. ‘झोपेतच गेले’ एवढ्यावर थांबू नका. लकवा झाला होता का, डायलिसिस चालू होतं का, हेही विचारा.

माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३० ते ५० टक्के आनुवंशिक असतो. त्यामागे एखादंच जनुक नसतं. जनुकांतल्या हजाराहून अधिक जागा सापडल्या आहेत आणि बहुतेक जागा रक्तदाब १ मिलिमीटरसुद्धा हलवत नाहीत. मिळून मात्र फरक पडतो. अपवाद आहेत. किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडिलांना असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. तिशीच्या आतच बीपी वाढलं तर ‘घराण्यातलंच आहे’ म्हणून सोडणं मला धोक्याचं वाटतं. किडनीची धमनी अरुंद असणं किंवा अधिवृक्क (किडनीवरच्या अ‍ॅड्रीनल) ग्रंथीतला दोष अशी कारणं तपासायलाच हवीत, कारण त्यांवर वेगळे उपचार आहेत.

जनुकांबरोबर स्वयंपाकघरही वारशाने येतं. इंदुरी पोह्यांत मीठ असतंच, वर शेव, त्यावर जिरावण हा खारट मसाला: मीठ तीनदा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही सगळ्या पदार्थांतल्या मिठाची मर्यादा. नमकीनच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, त्याला २.५ ने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. सैंधव किंवा काळं मीठ घेऊन सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

घरी बीपी मोजताना चुका फार होतात. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. बोलत राहिलं की आकडा सहज चढतो. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत, हात टेबलावर टेकलेला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून यंत्र घेताना टेपने दंड मोजून न्या. सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात हीच सीमा १४०/९० धरतात.

घरात कमी वयातला अटॅक असेल तर लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही रक्ततपासणी करायला सांगा. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते. तिचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांनी ठरतं, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमहून (mg/dL) जास्त आलं, तर भावंडांनी आणि मुलांनीही ती करून घ्यावी.