सोळा शब्द, पाचशे टन: नायजरच्या युरेनियमचा वाद

२८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात सांगितले, की सद्दाम हुसेन यांनी अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणात युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ब्रिटिश सरकारला कळले आहे. इंग्रजीत हे वाक्य सोळा शब्दांचे. सात आठवड्यांनी इराकवर हल्ला झाला. वाक्यातली साक्ष मात्र ब्रिटनची आहे, अमेरिकेची नाही. ७ ऑक्टोबर २००२ च्या बुश यांच्या सिनसिनाटीतील भाषणाच्या मसुद्यातही हाच मुद्दा होता. तेव्हा सीआयएने, खुद्द प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी फोन करून, तो काढायला लावला होता.

आरोप होता तो इराकने पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाकडून पाचशे टन यलोकेक घेण्याच्या सौद्याचा. खनिज दळून, रसायनांनी युरेनियम वेगळे काढून वाळवले की ही भुकटी उरते. तिच्यातल्या युरेनियममध्ये विखंडनक्षम, म्हणजे अणू फुटून ऊर्जा देणाऱ्या, यू-२३५ चे प्रमाण केवळ ०.७ टक्का असते. बॉम्बसाठी तिचा आधी हेक्साफ्लोराइड वायू करावा लागतो आणि मग हजारो सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांतून, फिरवून ते प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. एका बॉम्बपुरत्या मालाला साधारण सहा-सात टन यलोकेक लागते. अडचण भुकटी मिळवण्यात फारशी नसते, पुढच्या टप्प्यांत असते. शिवाय इराककडे अशी सुमारे ५५० टन भुकटी आधीपासूनच पडून होती. बगदादजवळच्या तुवैथा केंद्रात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सीलखाली ठेवलेल्या या साठ्यात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नायजरकडूनच घेतलेला मालही होता.

विकणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब जुळत नव्हता. नायजरच्या उत्तरेला, सहाराच्या वाळवंटात, सोमाईर आणि कोमिनाक या दोन कंपन्यांच्या खाणी होत्या. कारभार कोजेमा या फ्रेंच कंपनीच्या हाती. कोमिनाकमध्ये जपानी आणि स्पॅनिश भागीदारही होते. दोन्ही खाणींचे मिळून उत्पादन वर्षाला ३,००० टनांच्या आसपास, आणि ते आधीच ठरलेल्या ग्राहकांना बांधलेले. त्यातले पाचशे टन म्हणजे सहावा हिस्सा. दोनशे लिटरच्या पिंपात साधारण चारशे किलो माल धरला, तर बाराशेहून जास्त पिंपे ट्रकांवर लादून वाळवंट ओलांडायचे, बेनिनमधल्या कोटोनू बंदरापर्यंत न्यायचे आणि भागीदारांच्या हिशेबवह्यांत मात्र काहीच उमटू द्यायचे नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये सीआयएने नायजरला पाठवलेले माजी राजदूत जोसेफ विल्सन हेच सांगत परतले.

तरी बातमी मेली नाही, कारण तिला एक खरा धागा होता. व्हॅटिकनमधले इराकी राजदूत विसाम अल-झहावी फेब्रुवारी १९९९ मध्ये नायजरला जाऊन आले होते. शिवाय नायजरचे माजी पंतप्रधान इब्राहिम मायाकी यांनी विल्सन यांना सांगितले होते, की १९९९ मध्ये एका व्यापाऱ्याने इराकी शिष्टमंडळाला भेटण्याची गळ घातली. ‘व्यापारी संबंध’ म्हणजे युरेनियमच असणार, असे मायाकींना वाटले. भेट झाली, पण युरेनियमची बोलणी झाली नाहीत, सौदाही नाही. पण विल्सन यांच्या अहवालातून काही विश्लेषकांनी नेमके हेच उचलले आणि त्यांचा संशय उलट बळावला.

दुसरा धागा रोमचा. ऑक्टोबर २००१ पासून इटलीची लष्करी गुप्तचर संस्था सिस्मी अमेरिकेला या कथित सौद्याच्या खबरा देत होती. फेब्रुवारी २००२ च्या खबरीत तर कराराचा शब्दशः मजकूर होता. पुढे रोको मार्तिनो या जुन्या खबऱ्याने मूळ कागद म्हणून एक गठ्ठा ‘पानोरामा’ साप्ताहिकाच्या पत्रकार एलिसाबेत्ता बुर्बा यांना विकायला काढला. संपादकांच्या सांगण्यावरून त्यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये तो रोमच्या अमेरिकी वकिलातीत दिला, स्वतः नायजरला जाऊन चौकशी केली आणि बातमी छापली नाही. खबर आधी, कागद नंतर. त्यामुळे कागद पुरावा वाटले. खरे तर दोन्ही एकाच विहिरीचे पाणी होते. मजकूर उतरवून आधी पाठवला, त्याच मजकुराने मग स्वतःला दुजोरा दिला.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागातल्या एका विश्लेषकाला गठ्ठा पाहताच शंका आली. त्यात एक भलताच कागद होता: इराक, इराण आणि इतर देशांनी मिळून बड्या सत्तांविरुद्ध लष्करी मोहीम उघडण्याचा बेत, आणि त्यावरही नायजरच्या वकिलातीचा शिक्का. ऑक्टोबर २००२ च्या, अमेरिकी गुप्तचर संस्थांनी मिळून इराकच्या शस्त्रांविषयी केलेल्या एकत्रित राष्ट्रीय अंदाजातही या विभागाने आफ्रिकेतल्या युरेनियमचे दावे ‘अत्यंत संशयास्पद’ असल्याचे नोंदवले, पण ते वाक्य मूळ दाव्यापासून बरीच पाने दूर, पुरवणीत. गठ्ठ्याची सीआयएकडची प्रत महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिली.

अणुऊर्जा संस्थेला कागद मिळाले ४ फेब्रुवारी २००३ ला. तिथल्या पथकाचे प्रमुख जॅक बोट यांना खोटेपणा ओळखायला काही तास पुरले. साधन म्हणजे गूगल. १० ऑक्टोबर २००० च्या पत्राखाली १९८९ पासून पदावर नसलेल्या परराष्ट्रमंत्र्यांची सही होती. पत्रावर पोहोचल्याचा शिक्का ते लिहिण्याच्या आधीच्या तारखेचा. अध्यक्षांच्या नावाच्या पत्रात १९६५ च्या घटनेचा हवाला होता, तर देशात लागू होती १९९९ ची. ७ मार्चला संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत हे कागद अस्सल नसल्याचे सांगितले. युद्ध त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले.

या वादाला जोडूनच इराकने मागवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा वाद चालू होता. ८१ मिलिमीटर व्यासाच्या या नळ्या सीआयएला सेंट्रिफ्यूजच्या वाटल्या; अमेरिकी ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना त्या इराकच्या ८१ मिलिमीटर रॉकेटच्याच वाटत होत्या आणि तेच खरे निघाले.

जुलै २००३ मध्ये विल्सन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, टेनेट यांनी ते वाक्य भाषणात राहायला नको होते असे कबूल केले आणि पुढच्या काही दिवसांत विल्सन यांची पत्नी सीआयएची गुप्त अधिकारी असल्याचे छापून आले. त्या प्रकरणाने इतकी जागा खाल्ली की मूळ प्रश्न झाकोळला. ब्रिटन मात्र मागे हटले नाही: युद्धापूर्वीच्या गुप्तवार्तांची तपासणी करणाऱ्या २००४ च्या बटलर समितीने १९९९ ची भेट आणि इतर खबरांच्या आधारे दावा ‘साधार’ ठरवला, बनावट कागद तेव्हा ब्रिटिशांच्या हाती नव्हतेच, असे तिचे म्हणणे. युद्धानंतर शस्त्रांचा शोध घेणाऱ्या इराक सर्व्हे ग्रुपला मात्र १९९१ नंतर इराकने परदेशातून युरेनियम मागवल्याचा पुरावा सापडला नाही. बगदादला देऊ केलेल्या मालाची एकच नोंद मिळाली, युगांडाच्या एका माणसाची, आणि इराकने ती नाकारली होती.

जो साठा खरोखर होता, त्याच्या राखणीकडे मात्र युद्धाच्या धामधुमीत दुर्लक्ष झाले. एप्रिल २००३ मध्ये तुवैथात लूट झाली. आसपासच्या गावकऱ्यांनी पिंपे रिकामी करून पाणी भरायला नेली. उरलेला माल, सुमारे ५५० टन, २००८ मध्ये ३७ लष्करी उड्डाणांनी हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर नेला गेला आणि तिथून जहाजाने माँट्रियलला. कॅनडाच्या कॅमेको कंपनीने तो अणुवीज केंद्रांच्या इंधनासाठी विकत घेतला.